१३०/८० की १४०/९०? उच्च रक्तदाबाच्या रेषेची पार्श्वभूमी

नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हृदयविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी उच्च रक्तदाबाची रेषा १४०/९० वरून १३०/८० वर आणली. त्यामुळे १३४/८४ बीपी असलेला माणूस आदल्या दिवशी रुग्ण नव्हता, तो दुसऱ्या दिवशी झाला. तिथल्या प्रौढांमधले या आजाराचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून एकदम ४६ टक्क्यांवर गेले. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

रक्तदाब मोजण्याचा पहिला गाजलेला प्रयोग इंग्लंडमधल्या एका धर्मोपदेशकाचा. घोडीच्या धमनीत त्याने काचेची उभी नळी बसवली, तेव्हा रक्त आठ फुटांहून वर चढले. हे १७३३ साली प्रसिद्ध झाले. माणसासाठी दंडाला बांधायचा पट्टा १८९६ मध्ये इटलीत आला आणि १९०५ मध्ये एका रशियन शल्यविशारदाने पट्ट्याखाली स्टेथोस्कोप धरला. हवा सोडताना पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, म्हणजे हृदय आकुंचन पावून रक्त ढकलते तेव्हाचा दाब. ठोके थांबतात तो खालचा, हृदय सैल पडून पुन्हा भरत असतानाचा.

आकडा हाती आला, पण किती म्हणजे जास्त हे ठरेना. वयाबरोबर दाब वाढणे गरजेचेच आहे, तो उतरवला तर मेंदू-मूत्रपिंडांना रक्त पुरणार नाही, असे अनेक डॉक्टर मानत. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा दाब ३००/१९० होता. सहज घेता येतील अशा गोळ्या त्यानंतर, १९५०च्या दशकाच्या अखेरीस आल्या. ब्रिटनमध्ये याच काळात एक जुंपलेला वाद होता. उच्च रक्तदाब हा वेगळा आजार आहे, असे एक पक्ष म्हणे. दुसऱ्याचे म्हणणे, रक्तदाब उंचीसारखा सलग वाढत जातो, रेषा आपण ओढतो. दुसरा पक्षच खरा ठरला. म्हणून रेषेचा निकाल औषधांच्या चाचण्यांवर आला. १९६७च्या अमेरिकी चाचणीत खालचा आकडा ११५ ते १२९ असलेल्यांना गोळ्यांचा स्पष्ट फायदा दिसला. पुढच्या चाचण्यांत रेषा उतरत गेली आणि १४०/९० रूढ झाले.

२०१७च्या निर्णयामागे मुख्य आधार होता २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीचा. पन्नाशी गाठलेले, हृदयविकाराचा धोका जास्त असलेले ९,३६१ लोक त्यात होते. ज्यांचा वरचा आकडा १२०च्या खाली आणण्याचे लक्ष्य होते, त्यांच्यात हार्ट फेल्युअर आणि मृत्यू कमी झाले. चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. मात्र त्याच गटात दाब फार उतरणे, चक्कर येऊन पडणे आणि मूत्रपिंडाला इजा होणे जास्त दिसले. मधुमेही आणि पूर्वी पक्षाघात झालेले लोक चाचणीत नव्हतेच.

मोजण्याची पद्धत तर आणखी महत्त्वाची. त्या चाचणीत पाच मिनिटे शांत बसवून यंत्र आपोआप तीनदा दाब मोजे आणि त्याची सरासरी धरली जाई. बऱ्याच केंद्रांत त्या वेळी खोलीत कर्मचारीही नसे. आपल्याकडे पेशंट जिना चढून येतो, रांगेतून उठून खुर्चीत टेकतो, शर्टाच्या बाहीवरच पट्टा बांधला जातो आणि मोजताना बोलणे चालूच असते. अशा वेळी आकडा सहज वर जातो. या दोन ठिकाणच्या आकड्यांना एकच रेषा लावणे मला पटत नाही.

१३० ते १३९ मधल्या सगळ्यांना गोळी द्या, असे २०१७च्या अमेरिकी मार्गदर्शिकेने म्हटले नव्हते, हेही सांगायला हवे. हृदयविकार किंवा मोठा धोका असेल तर औषध, बाकीच्यांना मीठ, वजन आणि व्यायाम यांचाच सल्ला. तरीही अमेरिकेतल्याच फॅमिली डॉक्टरांच्या संघटनेने तिला मान्यता दिली नाही. युरोप २०१८ मध्ये १४०/९० वरच राहिला. २०२४ मध्येही त्याने ती रेषा ठेवली, फक्त १२०/७० पासून ‘वाढलेला दाब’ असा वेगळा गट केला.

महाराष्ट्रासह पाच राज्यांत २०१७ पासून सुरू झालेल्या सरकारी मोहिमेनेही १४०/९० हाच आकडा धरला. ते योग्यच झाले. १४०च्या वर असूनही ज्यांच्या दंडाला कधी पट्टाच लागला नव्हता, ते लोक आधी सापडायला हवे होते.