कारखान्याची मोटार कर्ज काढून बदलताय? एडीईईटीआयईचा अर्ज खरेदीच्या आधी करा

कारखान्यातली मोटार जळाली की ती भरायला (आतली तार नव्याने गुंडाळायला) जाते, भरून येते आणि शेड पुन्हा सुरू होते. पाच वेळा भरलेली मोटार किती वीज खाते ते बिलात वेगळं छापून येत नाही, त्यामुळे कोणी विचारतही नाही. ती बदलायची असेल तर केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाची एडीईईटीआयई (ADEETIE) योजना पाहा, ती उद्योगांना कमी वीज खाणारी यंत्रे बसवायला मदत करते. ऊर्जा दक्षता ब्यूरो ती राबवतो. जुलै २०२५ मध्ये पानिपतला तिची सुरुवात झाली, तरतूद १,००० कोटींची आहे आणि मुदत २०२५-२६ ते २०२७-२८.

मोटारीच्या किमतीवर यात अनुदान नाही, सवलत कर्जाच्या व्याजात आहे: सूक्ष्म आणि लघु उद्योगाला ५ टक्के, मध्यम उद्योगाला ३ टक्के. बँकेचा दर १० टक्के असेल तर लघुउद्योजकाला तो ५ पडतो. मोटार रोखीने आणून मोकळे झालात तर व्याजच नाही, मग सवलत कशावर मागणार?

पात्रतेसाठी उद्यम नोंदणी (लहान-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) हवी आणि उद्योग ठरवलेल्या १४ क्षेत्रांतला हवा. फाउंड्री, फोर्जिंग, वस्त्रोद्योग, अन्नप्रक्रिया, रसायने, औषधे, कागद, काच, वीटभट्ट्या वगैरे त्यात येतात. योजना क्लस्टरनुसार, म्हणजे एकाच भागातल्या उद्योगांच्या समूहानुसार, टप्प्याटप्प्याने राबवली जाते, म्हणून आपला भाग यादीत आहे का ते योजनेच्या पोर्टलवर आधी बघून घ्या. तिसरी अट किमान १० टक्के ऊर्जा बचतीची, आणि खरी मेख तिथेच आहे.

१५ किलोवॅटची चार पोलची मोटार घ्या. मोटारींचे कार्यक्षमतेनुसार आयई वर्ग असतात, आकडा मोठा तितकी वीज कमी: आयई१ ची कार्यक्षमता ८८.७ टक्के, आयई३ ची ९२.१, आयई४ ची ९३.९. पूर्ण लोडवर वर्षाला ६,००० तास चालली तर आयई१ च्या तुलनेत आयई३ सुमारे ३,७०० युनिट वाचवते, आयई४ सुमारे ५,६००. पैसे चांगले वाचतात, पण टक्क्यांत ही बचत साधारण पावणेचार आणि साडेपाचच भरते. म्हणजे नुसत्या मोटारीचं कोटेशन जोडून १० टक्के दाखवणं अवघड. ब्लोअर किंवा पंपाचा प्रवाह व्हॉल्व्ह आवळून कमी केला जात असेल तर तिथे व्हीएफडी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) बसवा. मोठी बचत तिथे निघते. निम्म्याहून कमी लोडवर फिरणारी अवाढव्य मोटार लहान करण्यातही फायदा असतो.

आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. कार्यक्षम मोटार थोडी जोरात फिरते. जुनीच्या पत्र्यावर (नेमप्लेटवर) मिनिटाला १,४४० फेरे असतील आणि नवीच्या १,४६५, तर पंख्याचा लोड सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो आणि बचत तिथेच जिरते. पुली बदला किंवा व्हीएफडीवर वेग उतरवा. नव्या मोटारीच्या पत्र्यावर आयएसआय चिन्ह, आयएस १२६१५ (मोटारींचे भारतीय मानक) आणि आयई वर्ग, तिन्ही असल्याची खात्री करा.

प्रक्रिया अशी: उद्यम क्रमांकाने पोर्टलवर नोंदणी, मग गुंतवणूक-दर्जाचे ऊर्जा ऑडिट (कुठे किती वीज वाचेल आणि त्याला किती खर्च येईल याची तपासणी), त्यावरून सविस्तर प्रकल्प अहवाल, बँकेची कर्जमंजुरी, यंत्रे बसवणे आणि शेवटी बचतीची पडताळणी. ऑडिट आणि अहवालासाठीही योजनेत मदतीची तरतूद आहे, तेव्हा सल्लागाराला आगाऊ पैसे देण्याआधी पोर्टल वाचा.

उद्यम प्रमाणपत्र, ऑडिट अहवाल आणि प्रकल्प अहवाल ही मुख्य कागदपत्रे. बँक पॅन, जीएसटी विवरणपत्रे आणि ताळेबंद मागेलच. ऑडिटरसाठी वर्षभराची वीजबिले, उत्पादनाच्या नोंदी आणि मोटारींची यादी तयार ठेवा. यादीत किलोवॅट, फेरे, किती वेळा भरली आणि रोज किती तास चालते ते लिहा.

पडताळणीत आधीचा आणि नंतरचा वापर ताडून पाहिला जातो. त्यामुळे जुनी मोटार भंगारवाल्याला देण्याआधी, ती चालू असतानाच, तिची किलोवॅट मोजणी ऑडिटरकडून नोंदवून घ्या आणि पत्र्याचा फोटो काढून ठेवा.