ऑलिम्पियाचा गाळ

अथेन्समधले पार्थेनॉनचे देऊळ पाहून ग्रीसमधल्याच ऑलिम्पियाला, म्हणजे प्राचीन ऑलिम्पिक खेळांच्या जागी, थेट आलेला माणूस बहुधा थोडा हिरमुसतो. तिथे देऊळ टेकडीवर ताठ उभे असते, इथे सगळे आडवे. ग्रीक देवांचा राजा झ्यूस याच्या इथल्या देवळाला बाहेरून ३४ खांब होते. त्यातला आज पूर्ण उंचीचा एकच दिसतो आणि तोही २००४ साली तुकडे जुळवून उभा केलेला. बाकीचे कुठे गेले म्हणाल, तर देवळाच्या दक्षिणेला पडलेत, चक्क ओळीने. खांबाच्या गोल चकत्या एकमेकींना टेकून कलल्या आहेत, काकडी कापून ताटात सारावी तशा.

त्यातल्या एका चकतीकडे वाकून पाहा. दगडात शिंपल्यांचे तुकडे दिसतील. देवळाचा वास्तुविशारद लिबोन याच भागातला, एलिसचा. संगमरवर त्याच्या हाताशी नव्हता, म्हणून त्याने जवळपासच्या टेकड्यांतला शंखशिंपल्यांचा ओबडधोबड चुनखडक घेतला, त्यावर पांढरा गुळगुळीत गिलावा चढवला आणि इसवी सनपूर्व ४५७च्या सुमारास देऊळ पुरे केले. पारोस बेटावरचा महागडा संगमरवर त्याने शिल्पांसाठी राखला. गिलावा आता जवळजवळ सगळा गेला आहे आणि आतला जुना समुद्रतळ उघडा पडला आहे. हे शिंपले लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

ऑलिम्पिया दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेले आहे. पश्चिमेला क्लाडिओस हा लहानसा ओढा, दक्षिणेला अल्फिओस ही मोठी नदी, उत्तरेला पाइनच्या झाडांची क्रोनोस टेकडी. जागा हिरवीगार आणि दमट. या दमटपणाचा त्रास खुद्द झ्यूसलाही होता. शिल्पकार फिडिअसने देवळात घडवलेली सोन्या-हस्तिदंताची मूर्ती बारा मीटरच्या आसपास उंच होती आणि हस्तिदंत दमट हवेत बिघडतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात इथे आलेला प्रवासी पॉसेनिअस सांगतो, की ओलीपासून मूर्तीचा बचाव व्हावा म्हणून तिच्यापुढे ऑलिव्हचे तेल ओतत. अथेन्सच्या कोरड्या टेकडीवर मात्र अथेनाच्या तशाच मूर्तीसाठी पाणी लागे. हवेतल्या आर्द्रतेचा हस्तिदंतावर होणारा परिणाम पुजाऱ्यांनी केवळ अनुभवातून ओळखला होता, याचे मला देवळाच्या आकारापेक्षा जास्त कौतुक वाटते.

चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन सम्राट पहिला थिओडोसिअस याने जुन्या देवतांच्या पूजेवर बंदी घातली. त्यानंतरही माणसे इथे राहतच होती. फिडिअसच्या कार्यशाळेचे त्यांनी चर्च केले, म्हणूनच तिच्या भिंती आज बऱ्या स्थितीत आहेत. सहाव्या शतकात भूकंपांनी झ्यूसचे देऊळ पाडले. मग या साऱ्यावर गाळ साचत गेला, काही ठिकाणी चार-पाच मीटर, काही ठिकाणी त्याहून जास्त. दुमजली घर बुडेल इतका!

हा गाळ आणला कोणी? जुने उत्तर असे, की क्लाडिओसला पूर येत गेले आणि टेकड्यांवरची माती खाली येत राहिली. पण एवढ्याशा ओढ्याने एवढा ढिगारा कसा केला, हा प्रश्न भूवैज्ञानिकांना छळत राहिला. जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठाचे अँड्रियास फ्योट यांनी २०११ साली वेगळेच उत्तर मांडले: त्सुनामी. गाळात त्यांना फोरामिनिफेरा या एकपेशीय सागरी जीवांची सूक्ष्म कवचे आणि शिंपल्यांचे तुकडे सापडले. शिवाय खांबांच्या चकत्या थेट जुन्या जमिनीवर पडलेल्या नाहीत, त्या गाळात तरंगल्यासारख्या अडकल्या आहेत, असे त्यांचे निरीक्षण होते.

कल्पना थरारक आहे. पण ऑलिम्पिया आज समुद्रापासून वीसहून अधिक किलोमीटर आत आहे. त्या काळी किनारा बराच जवळ होता असे फ्योट म्हणतात, तरी बऱ्याच संशोधकांना हे पटलेले नाही. आणि आता ते शिंपले आठवा. भोवतालच्या टेकड्याच वर उचलल्या गेलेल्या जुन्या समुद्रतळाच्या आहेत. त्यांची झीज झाली तर सागरी कवचे ओढ्यानाल्यातूनही खाली येणारच. कवच सापडले म्हणजे लाट आली होती असे सिद्ध होत नाही. ते कवच किती जुने, कोणत्या थरातले, त्याच्या कडा झिजलेल्या की धारदार, हे सगळे पाहावे लागते. माझा कौल तूर्तास ओढ्याला.

गाळाने जागा इतकी झाकली, की ती ऑलिम्पियाच असल्याचे १७६६ साली रिचर्ड चँडलर या इंग्रज प्रवाशाने ओळखेपर्यंत शतके गेली. १८२९ साली फ्रेंचांनी थोडे खणले. शिस्तशीर उत्खनन १८७५ साली एर्न्स्ट कुर्टिउस यांच्या पुढाकाराने जर्मनांनी सुरू केले. सापडलेल्या वस्तू ग्रीसमध्येच राहतील असा करार आधी झाला होता, त्या काळाच्या मानाने दुर्मीळच.

चिखलाचे उपकार पाहायचे तर झ्यूसची पत्नी हेरा हिच्या देवळात जावे. ते झ्यूसच्या देवळाहून जुने, इसवी सनपूर्व ६००च्या सुमाराचे. भिंतींचा खालचा भाग दगडी, वरचा कच्च्या मातीच्या विटांचा. छप्पर गेल्यावर पावसाने त्या विटा विरघळल्या आणि चिकणमातीचा जाड थर आत पसरला. १८७७ साली त्या थरात देवांचा दूत हर्मीस संगमरवरात सापडला, कडेवर बाळ डायोनायसस घेतलेला, पॉसेनिअसने लिहून ठेवले होते त्याच देवळात. उजवा हात आणि गुडघ्याखालचे पाय गेलेत, पण चेहऱ्याचा तुळतुळीतपणा तसाच आहे. दगडी भिंत असती तर ती अंगावर कोसळून त्याचा चुरा झाला असता.

याउलट, ऑलिम्पियातली सर्वांत पवित्र जागा पार नाहीशी झाली. झ्यूसची मोठी वेदी दगडाची नव्हतीच, ती राखेची होती. बळी दिलेल्या जनावरांच्या मांड्या जाळून उरलेली राख अल्फिओसच्या पाण्यात कालवून दरवर्षी तिच्यावर लिंपत. शतकानुशतके हे चालले आणि पॉसेनिअसच्या वेळी वेदी २२ फूट उंच झाली होती. लिंपणारे हात थांबल्यावर पावसाला कितीसा वेळ लागणार?

कमानीच्या बोगद्यातून पलीकडे गेले की धावपट्टी. सुरुवातीच्या रेषेवर दगडी पट्टी आणि तिच्यात पायाची बोटे रोवायला दोन खाचा. तिथून शेवटच्या रेषेपर्यंत १९२.२७ मीटर, म्हणजे ६०० पावले. हे पाऊल ३२ सेंटिमीटरचे, खुद्द महाबली वीर हेराक्लीसचे असे मानत. डेल्फी या दुसऱ्या ग्रीक तीर्थस्थानी हेच ६०० पावलांचे अंतर सुमारे १७८ मीटर भरते, कारण तिथले पाऊल लहान. प्रेक्षकांना बाके नव्हती. हजारो लोक भर उन्हाळ्यात मातीच्या उतारांवर बसत आणि त्यांना प्यायला पाणी हवे म्हणून परिसरात तात्पुरत्या विहिरी खणत. उत्सव संपला की त्या बुजवत आणि भर म्हणून जुनी झालेली अर्पणे, ढाली, शिरस्त्राणे आत टाकत. आज संग्रहालयात मांडलेल्या काशाच्या चिलखतांचा मोठा साठा अशा विहिरींमधून आणि उतारांच्या भरावातून निघाला.

धावपट्टीच्या दक्षिणेला रथशर्यतींचे मैदान होते. ते कुणाला दिसत नाही. ते अल्फिओसने वाहून नेले असे बराच काळ धरून चालले होते. २००८ साली जमिनीखालचे चुंबकीय फरक मोजताना तिथे सरळ रेषेतल्या काही खुणा उमटल्या. मैदान कदाचित वाहून गेलेच नाही, गाळाखाली आहे. वर सध्या गवत आहे.