छोटा सिनेमा: लांबीने की पैशाने?

‘साबर बोंडं’ पाहून आलेल्या एका मित्राचा फोन आला. “शॉर्टफिल्म मस्त आहे रे, पण शेवटी जरा लांबली.” चित्रपट 112 मिनिटांचा. लांबली हे एक वेळ मान्य करू, पण शॉर्टफिल्म?

त्याची चूक समजण्यासारखी आहे. मराठीत आपण ‘छोटी फिल्म’ हा शब्द दोन्हीकडे वापरतो. पंधरा-वीस मिनिटांत संपणारीही छोटी, आणि स्टार नाहीत, गाणी नाहीत, बसच्या मागे पोस्टर नाही, तीही छोटी. त्यात विषय समलिंगी नात्याचा असला की लोक आपोआप ‘शॉर्टफिल्म असेल’ असं धरून चालतात.

लघुपट ठरतो घड्याळावर. ऑस्करच्या नियमात श्रेयनामावलीसकट 40 मिनिटांपर्यंत. आपल्या सेन्सॉर बोर्डाच्या लेखी रेषा 72 मिनिटांवर. स्वतंत्र चित्रपट ठरतो पैसा कुणाचा आणि शेवटचा शब्द कुणाचा यावर. त्याला मिनिटांचं बंधन नाही. दोन्ही गोष्टी एका चित्रपटात नांदू शकतात, आणि अनेकदा नांदतात. म्हणूनच तर घोळ होतो.

घोळ सोडवायला रवी जाधव यांचा ‘मित्रा’ बरा. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचा काळ, कृष्णधवल चित्रण, एका मुलीवर जीव जडलेली सुमित्रा. लांबीने लघुपटच, सर्वोत्कृष्ट लघुकथापटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण तो लोकांपुढे आला 2015च्या ‘बायोस्कोप’मधून. चार दिग्दर्शकांचे चार लघुपट, प्रत्येकाच्या मुळाशी एकेक कविता, आणि सगळे मिळून थिएटरात रीतसर तिकीट लावून. दिग्दर्शक कोण, तर ‘नटरंग’ आणि ‘टाइमपास’वाला. त्याला लघुपट म्हणा, हवं तितक्यांदा म्हणा. पण स्वतंत्र चित्रपट म्हणताना जीभ अडखळते. (इथेच आणखी एक गल्लत होते. ‘मित्रा’च्या मुळाशी कविता असली, तरी गोष्ट विजय तेंडुलकरांच्या कथेवर आहे. त्यांचं 1981चं नाटक ‘मित्राची गोष्ट’ ही त्याच पात्राची पुढची, जास्त जखमी करणारी वाट. चित्रपट पाहिला म्हणजे नाटक कळलं असं नाही.)

‘साबर बोंडं’ याच्या बरोबर उलट. रोहन कानवडे यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. भारत, ब्रिटन आणि कॅनडातल्या निर्मात्यांनी मिळून उभा केलेला, आणि जानेवारी 2025मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च ज्युरी पुरस्कार घेऊन आलेला. लांबीने अजिबात छोटा नाही, पण स्वतंत्र.

आणि दोन्ही खणांत बसणारा चित्रपट हवा, तर तोही कानवडे यांचाच: 2019चा ‘उ उषाचा’. उषा शेतमजूर, एकट्याने पोरं वाढवणारी, निरक्षर. शाळेतल्या बाई तिला आवडू लागतात आणि त्या ओढीने तिला लिहा-वाचायचं असतं. नाव किती नेमकं पाहा. आपल्या अंकलिपीत उ उखळाचा. उखळ म्हणजे बाईच्या कष्टाचंच चित्र. ते काढून तिथे उषाने स्वतःचं नाव ठेवलं, की अर्धी पटकथा नावातच उरकली.

आता एवढी फोड करून काय मिळतं? माझ्या मते मिळतं, आणि ते कुटुंबाकडे पाहताना दिसतं.

लघुपटाकडे नातेवाइकांसाठी वेळ नसतो. त्याला एक क्षण पकडायचा असतो: स्वतःला स्वतःचं कळण्याचा, किंवा दुसऱ्या कुणाला ते कळण्याचा. ‘उ उषाचा’त उषाला मुलं आहेत, तरी गोष्ट तिच्या आत घडते; गावकी, भावकी चौकटीबाहेर उभी. हा दोष नव्हे. बाईने पाटीवर गिरवलेलं अक्षर आणि तिच्या मनात चाललेलं दुसरंच काही, हे दाखवायला तेवढाच अवकाश लागतो, जास्त दिला तर पातळ होतं. अशा विषयावरच्या पुष्कळ लघुपटांत आई येते ती एकाच प्रसंगापुरती, दारात उभी, डोळ्यांत पाणी, मग मिठी किंवा मग बंद दार. मला खरं सांगायचं तर त्या दाराचा कंटाळा आलाय.

‘साबर बोंडं’मध्ये ते दार नाही. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडील गेल्यावर आईसोबत गावी येतो. दहा दिवसांचं सुतक. तो समलिंगी आहे हे आईला आधीपासून ठाऊक आहे, वडिलांनाही होतं. मग उरतं काय? उरतात बाकीचे सगळे. दहा दिवस एकाच घरात, एकाच पंगतीत, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच: आता लग्नाचं बघा. हा छळ कुणी वाईट असल्यामुळे होत नाही, मायेनेच होतो, आणि माया दाखवायला दिवस लागतात. तोवर लहानपणचा मित्र बाळ्या भेटत राहतो, काटे काढलेली साबराची, म्हणजे निवडुंगाची, लाल बोंडं घेऊन येतो. पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे इथे रडा, इथे हसा असं कुणी सुचवतही नाही. ‘लांबली’ म्हणणाऱ्या मित्राला नेमका हाच भाग खटकला होता. सुतकाचे दहा दिवस लांबतातच की.

लघुपटाची एक बाजू मात्र घ्यायलाच हवी. भारतात समलिंगी विषयावरचा सिनेमा छोटा जन्मला तो हौसेने नव्हे. रियाद वाडिया यांचा 1996चा ‘बॉमगे’ जेमतेम 12 मिनिटांचा, पुण्याच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या आर. राज राव यांच्या कवितांवर बेतलेला. श्रीधर रंगायन यांचा 2003चा ‘गुलाबी आईना’ 40 मिनिटांचा. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम जागेवर होतं, आणि अशा गोष्टीवर दोन तासांचे पैसे लावणारा निर्माता मिळणं कठीण. काहींना वाटतं, छोटा केला की सेन्सॉरच्या तावडीतून सुटका होते. तसं काही नाही. सेन्सॉरचा 1952चा कायदा प्रमाणपत्र लागतं की नाही हे ठरवताना लांबी बघत नाही. ‘गुलाबी आईना’ला बोर्डाने प्रमाणपत्र नाकारलंच. महोत्सवाला प्रमाणपत्रातून सवलत मिळते ती माहिती-प्रसारण मंत्रालयाकडून, आणि यूट्यूबला बोर्डाचं प्रमाणपत्र लागत नाही, म्हणून छोटे सिनेमे तिथे दिसतात. रंगायन यांनीच मुंबईत 2010 साली ‘कशिश’ महोत्सव सुरू केल्यावर त्यांना निदान मोठा पडदा मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018ला 377चा फास सैल केला, तरी तिकीटबारी उघडली असं नाही. ‘साबर बोंडं’ आपल्याकडे चित्रपटगृहांत लागला तो सप्टेंबर 2025मध्ये, परदेशातून मान मिळवून आल्यावर.

मित्राला मी हे सगळं फोनवर सांगितलं नाही. विचारलं इतकंच, की ‘साबर बोंडं’ वीस मिनिटांत बसवायचा तर तू काय कापशील? तो म्हणाला, “ते लग्नाचं, सारखं सारखं.” मग थोडं थांबून, “पण मग आई कुणापुढे गप्प बसेल?”