सॉफ्टवेअर-निर्बंध, ग्राहकोपयोगी उपकरणांवरील

फोन, संगणक, राउटर, गेम कन्सोल अशा विकलेल्या उपकरणावर उत्पादकाने मंजूर न केलेले सॉफ्टवेअर चालू न देण्याची व्यवस्था. कारण बहुधा सुरक्षिततेचे दिले जाते. अशा उपकरणाला वापरकर्ते 'लॉक केलेले' म्हणतात. ते लॉक तोडण्यासाठी अँड्रॉइडवर 'रूट करणे' आणि आयफोनवर 'जेलब्रेक' हे शब्द रूढ आहेत.

उत्पादक स्वतःजवळच्या गुप्त 'खाजगी किल्ली'ने सॉफ्टवेअरवर डिजिटल सही करतो. ती सही पडताळणारी त्याची सार्वजनिक किल्ली किंवा तिचा हॅश (तिच्यावरून काढलेला छोटा आकडी ठसा) कारखान्यातच चिपमध्ये पक्का केलेला असतो. उपकरण सुरू होताना चिपमधला न बदलता येणारा प्रोग्रॅम बूटलोडरची (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची) डिजिटल सही तपासतो, बूटलोडर कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची), आणि पुढे तसेच. एक सही जुळली नाही की साखळी तिथेच थांबते. जुन्या, सदोष आवृत्तीकडे परतता येऊ नये म्हणून काही चिपमध्ये आवृत्तीचा आकडा फ्यूज (एकदा जाळला की पूर्ववत न होणारा सूक्ष्म दुवा) जाळून नोंदवतात. हे संरक्षण दिखाऊ नाही. ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होण्याआधीच ठाण मांडणाऱ्या मालवेअरला ते खरोखर अडवते. मात्र सॉफ्टवेअर घातक आहे का, हे सहीवरून कळत नाही. किल्लीधारकाने ते मान्य केले आहे, एवढेच कळते. म्हणून वाद सही तपासण्याचा नाही, किल्ली कोणाकडे राहावी याचा आहे.

२०१२ मध्ये विंडोज ८ सोबत आलेल्या 'सिक्युअर बूट'मध्ये हे स्पष्ट दिसले. मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणपत्रासाठी इंटेल-एएमडी धाटणीच्या संगणकांवर मालकाला ही तपासणी बंद करता येणे आणि स्वतःची किल्ली नोंदवता येणे आवश्यक होते. एआरएम चिपच्या विंडोज आरटी टॅबलेटवर मात्र ती बंद करण्याची सोय ठेवायलाच मनाई होती. तंत्र तेच, कंपनी तीच, वर्षही तेच.

निर्बंधांचा आरंभ सुरक्षिततेच्या नावाने झाला नव्हता. निन्टेन्डोच्या १९८५ मध्ये अमेरिकेत आलेल्या एनईएस कन्सोलमधली चिप परवाना नसलेली कार्ट्रिज नाकारत असे. हेतू उघडउघड व्यापारी होता. सुरक्षिततेची भाषा नंतर आली. सोनीच्या प्लेस्टेशन ३ या गेम कन्सोलवर लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्याची अधिकृत सोय होती. अमेरिकी हवाई दलाने अशी १,७००हून अधिक यंत्रे जोडून महासंगणकही उभारला होता. २०१० च्या आरंभी एका हॅकरने याच सोयीच्या वाटेने यंत्राच्या संरक्षणाला भगदाड पाडले. १ एप्रिल २०१० च्या अपडेटने सोनीने सुरक्षेचे कारण देऊन ती सोय काढून टाकली. अपडेट नाकारणाऱ्यांचे ऑनलाइन खेळणे बंद झाले. त्याच डिसेंबरमध्ये 'फेलओव्हरफ्लो' या गटाने दाखवले, की सह्या करताना दरवेळी नवी असायला हवी ती यादृच्छिक संख्या सोनीने एकच वापरली होती. त्यामुळे सोनीची खाजगी किल्ली गणिताने काढता येत होती. खरी चूक ग्राहकाच्या लिनक्समध्ये नव्हतीच.

राउटरच्या बाबतीत नियामकाचे पाऊलही निर्बंधाला निमित्त ठरले. अमेरिकेच्या एफसीसीला (दूरसंचार नियामकाला) राउटरमधल्या रेडिओची शक्ती मर्यादेत ठेवायची होती. काही उत्पादकांनी संपूर्ण फर्मवेअरच (राउटर चालवणारे आतले सॉफ्टवेअर) कुलूपबंद करून टाकले. २०१६ मध्ये शक्तिमर्यादेच्या उल्लंघनाबद्दल टीपी-लिंकने २ लाख डॉलर भरले. त्याच समझोत्यात ओपनडब्ल्यूआरटीसारखी बाहेरची फर्मवेअर आपल्या राउटरवर चालावीत यासाठी प्रयत्न करण्याचेही तिने मान्य केले.

कायदा दोन्ही बाजूंनी ओढतो. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यानुसार कॉपीराइटचे तांत्रिक कुलूप तोडणे बेकायदा आहे, पण दर तीन वर्षांनी अपवाद ठरवले जातात. २०१० मध्ये फोनच्या जेलब्रेकला असा अपवाद मिळाला. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तिथल्या आयफोनवर इतर ॲप-बाजार चालू लागले. मात्र उपकरणाच्या सुरक्षेसाठी काटेकोरपणे आवश्यक व प्रमाणशीर उपाय करण्याची मुभा कायद्यानेच ठेवली आहे. ॲपलने त्याआधारे बाहेरच्या ॲपनाही आपली तपासणी व सही सक्तीची ठेवली, म्हणजे दुकाने वाढली तरी किल्ली एकाच हाती राहिली.