एका मिनिटात खाडीची भरती

ठाणे खाडीचं पाणी चढताना दिसत नाही, तासाभराने पाहिलं की चढलेलं असतं. समुद्राच्या वाढत्या पातळीचं तर बोलायलाच नको. गेल्या दशकात ती जगभरात सरासरी वर्षाला ४ मिलिमीटरच्या वर वाढली, कारण समुद्र तापून फुगतोय आणि जमिनीवरचा बर्फ वितळतोय. काळ दाबून दाखवणं (टाइमलॅप्स) हे प्रायोगिक चित्रपटाचं जुनं तंत्र. नवी मुंबईत पाणी का तुंबतं, हे त्यातून शाळकरी मुलांनाही समजतं.

ओहोटीपासून ओहोटीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं लागतात. दर ३० सेकंदांना एक फोटो घेतला की १,४९० फ्रेम होतात. सेकंदाला २५ फ्रेमने त्या मिनिटभर चालतात. दिवस निवडायला कोकणातला आडाखा पुरतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, तासांत. प्रतिपदेला दुपारी पाऊणच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोट्या सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी सातच्या आसपास. जूनमध्ये तेरा तासांच्या वर उजेड असतो, त्यात अख्खं चक्र मावतं, आणि दिवसही उधाणाचे. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहा.

कॅमेरा धारण तलावाच्या, म्हणजे भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवणाऱ्या तलावाच्या, झडपेवर रोखून लावा, दोन्हीकडचं पाणी दिसेल असा. असे तलाव वाशी, नेरूळ, बेलापूरला आहेत. बाहेर खाडी चढली की तिच्या दाबाने झडप मिटते आणि गटारांतून आलेलं पावसाचं पाणी तलावात साठतं; ओहोटीला झडप उघडून ते बाहेर जातं. समुद्र जितका वर, तितका झडप उघडी राहण्याचा वेळ कमी. तलावात गाळ भरला असेल तर साठवायची जागाही कमी.

खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक फ्रेममधून एकाच जागची एक पिक्सेल रुंदीची उभी पट्टी कापा आणि पट्ट्या क्रमाने शेजारी जोडा. १,४९० पिक्सेल रुंद चित्रात भरतीची वक्र रेघ आपोआप उमटते. सागरकिनाऱ्याचे अभ्यासक लाटा मोजायला हेच तंत्र वापरतात. झडपेच्या आतली आणि बाहेरची अशा दोन रेघा एकाखाली एक ठेवा. बाहेरची चढत असताना आतलीही तशीच चढली, तीही पाऊस नसताना, तर झडपेत प्लॅस्टिक अडकलंय किंवा ती गळतेय असं समजा. बाहेरच्या रेघेचा तळ सपाट आला तर घाबरू नका, ओहोटीला झडपेपुढे बहुधा नुसता चिखल उरतो.

फोकस आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा, नाहीतर चित्र लुकलुकतं. स्टँड कठड्याला घट्ट बांधा. तो जरा सरकला तरी रेघेत खोटी भरती दिसते. पावसाळ्यात काच आतून धुरकटते, कॅमेऱ्याच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. कांदळवनाची फांदीही तोडू नका, आणि फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाची परवानगी आधी घ्या.

भिंतीवरच्या दोन खुणांमधलं अंतर ओहोटीला टेपने मोजून ठेवा. १,०८० पिक्सेलच्या उंचीत ५ मीटर भिंत बसवली तर एक पिक्सेल सुमारे ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे समुद्राची वर्षभराची वाढ जेमतेम एक पिक्सेल. म्हणून एका उधाणाच्या फिल्मला ‘समुद्र वाढला’ असं नाव देणं चुकीचं. कोरड्या प्रतिपदेची आणि मुसळधार पावसातल्या प्रतिपदेची फिल्म शेजारी शेजारी दाखवा.