एकवीस जोड्यांचे गणित

पुण्यात महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या भाचीने मध्यंतरी मला तिच्या फोनवर दोन छायाचित्रे शेजारी-शेजारी लावून दाखवली. सात जणांच्या एका कोरियन गायनगटातील दोघे वेगवेगळ्या दिवशी आपापल्या खोलीतून चाहत्यांशी बोलत होते. दोघांच्याही मागे राखाडी पडद्याची कड दिसत होती आणि तिच्याभोवती कोणीतरी लाल वर्तुळ काढले होते. "मामा, हे दोघं गुपचूप एकत्र राहतात. आता आणखी काय पुरावा हवा?" असे तिने विचारले. प्रश्न रास्त होता, कारण पुरावा कशाला म्हणावे हे संभाव्यताशास्त्र बऱ्यापैकी नेमकेपणाने सांगू शकते.

पडद्यावर रोज दिसणारा माणूस आपल्या ओळखीचा वाटू लागतो, या एकतर्फी जवळिकीचे वर्णन डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच केले होते. तेव्हा निमित्त दूरचित्रवाणीवरील निवेदकांचे होते, आता गायक मध्यरात्री फोनसमोर बसून लाखो लोकांना "जेवलात का?" असे विचारतो, एवढाच फरक. परंतु केवळ जवळीक वाटल्याने पडद्याची कड पुरावा ठरत नाही. त्यासाठी मोजणीतील एक चूक व्हावी लागते.

सात जणांमधून दोघांची जोडी २१ प्रकारे निवडता येते. सारखे ब्रेसलेट, सारखे बूट, फोनचे कव्हर, मागची भिंत, एकच शब्दप्रयोग असे साम्याचे दहा प्रकार धरू आणि एखाद्या ठरावीक जोडीत एखादे ठरावीक साम्य एका दिवसात निव्वळ योगायोगाने आढळण्याची शक्यता हजारात एक मानू. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत. आधीच ठरवलेल्या एका जोडीत आधीच ठरवलेले साम्य महिन्याभरात आढळण्याची शक्यता अवघी तीन टक्के येते, त्यामुळे ते आढळल्यास दचकणे योग्यच आहे. चाहते मात्र आधी काहीच ठरवत नाहीत. ते सर्व जोड्या आणि सर्व प्रकार एकाच वेळी पाहत असतात, म्हणजे योगायोगाला दिवसाला २१० आणि महिन्याला ६३०० संधी मिळतात. त्यातून सरासरी सहा साम्ये सहज निघतात, आणि महिना पूर्ण कोरा जाण्याची शक्यता ०.९९९ चा ६३०० वा घात, म्हणजे सुमारे ०.२ टक्के, एवढीच उरते. थोडक्यात, काहीही गुपित नसतानाही लाल वर्तुळांचा पुरवठा अखंड चालू राहतो.

या छंदाला जुनी परंपरा आहे. १९६९ च्या शरद ऋतूत बीटल्स या ब्रिटिश गायनगटातील पॉल मॅकार्टनी तीन वर्षांपूर्वीच अपघातात मरण पावला असून त्याच्या जागी तोतया उभा आहे, अशी आवई उठली. 'अ‍ॅबी रोड' या त्यांच्या गीतसंग्रहाच्या मुखपृष्ठावर तो अनवाणी आहे, म्हणून तो प्रेत. मागे उभ्या मोटारीच्या पाटीवर '२८१एफ' आहे, ते '२८ इफ' (इंग्रजीत 'इफ' म्हणजे जर) असे वाचायचे, म्हणजे जिवंत असता तर २८ वर्षांचा असता! वास्तविक जून १९४२ मध्ये जन्मलेला पॉल तेव्हा २७ वर्षांचा होता. (आपल्याकडच्या 'अठ्ठाविसावे चालू' या हिशेबाने ते जमलेही असते.) पुढे 'लाइफ' साप्ताहिकाने त्याला गाठून त्याची मुलाखत छापली, परंतु तोतयाचा सिद्धांत एकदा मान्य केला की मुलाखतीने काय सिद्ध होणार?

माझ्या मते खरी गंमत येथे आहे. दोघांनी मंचावर एकमेकांकडे पाहिले तर प्रेम, आणि पाहिले नाही तर कंपनीने तशी ताकीद दिलेली. म्हणजे छापा पडला तरी माझाच आणि काटा पडला तरी माझाच. इंग्रज गणिती थॉमस बेझ यांच्या संभाव्यतेवरील निबंधातून, जो त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला, पुढे जे गणित विकसित झाले, त्यात याला मुळीच जागा नाही. समजा, या गुपितावर आपला विश्वास सध्या १० टक्के आहे आणि दोघे एकमेकांकडे पाहतील याची शक्यता ६० टक्के वाटते. पाहिल्यास विश्वास १३ टक्क्यांवर जाणार असेल, तर न पाहिल्यास तो साडेपाच टक्क्यांवर उतरलाच पाहिजे, कारण ०.६ गुणिले १३ अधिक ०.४ गुणिले साडेपाच यांची बेरीज मूळच्या १० एवढीच यावी लागते. आजचा विश्वास हा उद्याच्या संभाव्य विश्वासांची भारित सरासरी असतो आणि सरासरीच्या दोन्ही बाजू सरासरीहून मोठ्या असू शकत नाहीत.

पत्रिकेतील भाकितांची पळवाटही हीच असते. जयंत नारळीकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रात घेतलेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाले, ही वाट बंद केलेली होती. हुशार मुलांच्या १०० आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या १०० पत्रिका एकत्र मिसळून प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या गेल्या आणि पत्रिका कोणत्या गटातील मुलाची आहे एवढेच विचारले गेले. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांचे यश ४६ टक्के निघाले; नाणे उडवून ५० टक्के आले असते.

पुन्हा पडद्याच्या कडेकडे पाहू. बेझच्या हिशेबात विचारायचे ते असे, की गुपित असताना हे दृश्य दिसण्याची शक्यता, गुपित नसताना ते दिसण्याच्या शक्यतेच्या किती पट आहे. एकाच कंपनीने दिलेल्या निवासात वा एकाच हॉटेलात उतरणाऱ्या, एकाच वेशभूषाकाराचे कपडे घालणाऱ्या तरुणांच्या मागे सारखे पडदे असणारच, त्यामुळे हे गुणोत्तर एकच्या आसपास राहते. किंबहुना ते एकहून कमीही असू शकते, कारण खरोखर काही लपवायचे असलेले दोघे कॅमेऱ्यासमोर एकाच पडद्यापुढे बसणे टाळतील.

जॉन लेननचे लग्न ऑगस्ट १९६२ मध्ये झाले आणि बीटल्सच्या व्यवस्थापनाने ते सुरुवातीला दडवून ठेवले. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी अमेरिकेत एड सलिव्हन यांच्या कार्यक्रमात त्याच्या चेहऱ्याखाली, मुलींनो माफ करा, तो विवाहित आहे, अशा अर्थाची ओळ झळकली. लग्न झालेले नसते, तर अशी ओळ कोणी दाखवण्याची शक्यता नगण्य होती; मोठ्या गुणोत्तराचा पुरावा म्हणतात तो हा.