एक जूनचे वाढदिवस

शाळेच्या जुन्या ग्रुपात १ जूनच्या सकाळी डोकावून बघा. अर्ध्या वर्गाचा वाढदिवस असतो, आणि सगळे एकमेकांना हसत शुभेच्छा देत असतात. जन्मतारीख टाकली की वय, वार, जगलेले दिवस क्षणात सांगणाऱ्या साधनांना ही गंमत कळत नाही. वजाबाकी त्यांची अचूक असते. तारीख मात्र गुरुजींनी दिलेली असते.

पूर्वी शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू व्हायचं. आई सांगायची, "पानशेत फुटलं तेव्हा हा पोटात होता." म्हणजे १२ जुलै १९६१ नंतरचा. कुणी कोयनेच्या भूकंपाचा, कुणी बहात्तरच्या दुष्काळाचा. गावच्या जन्म-मृत्यूंच्या वहीत, कोतवाल बुकात, नोंद व्हायची, पण तिचा उतारा शाळेत आणतो कोण? गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण, लिहा १ जून. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, पण तो अंगवळणी पडायला पुढची कित्येक वर्षं गेली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना मात्र जन्मदाखल्यावाचून गत्यंतर नाही.

गुरुजींच्या त्या एका तारखेचा हिशेब पुढे नोकरीत निघतो. कायद्याच्या मोजणीत जन्मदिवस हा पूर्ण दिवस धरतात. १८७५ च्या सज्ञानतेच्या कायद्यातही तसंच आहे. त्यामुळे १ जूनवाल्याची निवृत्तीची अठ्ठावन्न वर्षं ३१ मेच्या रात्रीच भरतात. महिन्याच्या मधल्या तारखेचा कर्मचारी महिनाअखेरपर्यंत खुर्चीत राहतो, १ तारखेचा आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी जातो. सरकारी कचेऱ्यांत ३१ मेला निरोपसमारंभांची रांग लागते ती यामुळे. एक दिवस उशिरा जन्मला असता तर आणखी महिनाभराचा पगार मिळाला असता!

आता ही साधनं सांगतात त्या 'तुम्ही १०,००० दिवस जगलात' यासारख्या गमतीबद्दल. दहा हजार दिवस म्हणजे सुमारे सत्तावीस वर्षं साडेचार महिने. वर्षं सोडून दिवस मोजायची ही रीत आपल्याकडच्या ज्योतिषगणिताचा पायाच आहे. एका ठरावीक आरंभापासून आजवर उलटलेल्या दिवसांची संख्या म्हणजे अहर्गण. ग्रहांची जागा काढायची ती त्यावरून. संख्या फार फुगते म्हणून कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या 'ग्रहलाघव' या ज्योतिषग्रंथात ४,०१६ दिवसांचं, म्हणजे साधारण अकरा वर्षांचं, चक्र धरलं आणि मोठमोठ्या गुणाकारांतून पंचांगकर्त्यांची सुटका केली.

वय सांगण्यात भास्कराचार्यांची ऐट मात्र वेगळीच. 'रसगुणपूर्णमही' या शकात आपण जन्मलो, असं ते सांगतात. इथे प्रत्येक शब्द म्हणजे एक आकडा: रस सहा, गुण तीन, पूर्ण शून्य, मही एक. उजवीकडून वाचलं की १०३६, म्हणजे इसवी सन १११४. आणि 'सिद्धान्तशिरोमणी' रचला तो 'रसगुण' वर्षांचा असताना, म्हणजे छत्तिसाव्या वर्षी. जन्मशकातलाच शब्द वयासाठी पुन्हा वापरलाय.

वारासाठी तारीख टाकताना एक खाचखळगा आहे. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या, ज्युलियन पद्धतीची. त्या दिवशी शुक्रवार होता. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीत तो दिवस १ मार्च येतो. साधन सगळ्या तारखा ग्रेगोरियनच धरत असेल, तर १९ फेब्रुवारीला ते मंगळवार दाखवेल.

आमच्या घरी घोळ झाला तो सहस्रचंद्रदर्शनाचा. पौर्णिमेपासून पौर्णिमा २९.५३ दिवसांवर, म्हणजे हजार पौर्णिमांना २९,५३० दिवस. वर्षांत सांगायचं तर ऐंशी वर्षं दहा महिने. काका कागदोपत्री १ जून १९४४ चे, म्हणजे मुहूर्त एप्रिल २०२५ मधला. पण आजी सांगायची, गोदीत स्फोट झाला त्या साली, गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी झाला. तसा भाद्रपदातला जन्म धरला तर मुहूर्त जुलैत. काकू म्हणाल्या, "भर पावसात चंद्र कुठे दिसायचा?" शेवटी कोजागरीला उरकलं.